जावयाचा कोट

एप्रिलच्या उन्हात कोट घालून मुलाखतीला जायचं, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एकदा भर दुपारी तलवाड्याच्या शिवारात उभं करायला पाहिजे, असं वत्सलाबाईचं स्पष्ट मत होतं. आणि वत्सलाबाईचं मत एकदा स्पष्ट झालं की ते घरापुरतं राहत नसे, शेजारच्यांनाही ऐकावं लागे.

"कोट न्हाई माय, ब्लेझर," सत्यम म्हणाला.

"बटणं लावून अंगात घालायचा का न्हाई? मंग कोटच हाय."

सत्यम तिचा धाकटा. बीडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. पुण्याच्या एका कंपनीची माणसं सोमवारी कॉलेजात यायची होती, पोरं निवडायला. गाळून गाळून जी थोडी पोरं उरली होती त्यांत सत्यमचं नाव होतं आणि आता शेवटची मुलाखत तेवढी राहिली होती. कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, ब्लेझर घालूनच या. भपकेबाज नको, साधा, गडद निळा, चांगल्या कापडाचा. एकदा घेतला की वर्षानुवर्षं बघायला नको. त्याला खर्च म्हणू नका, गुंतवणूक म्हणा.

"गुंतवणूक!" वत्सलाबाईनं तो शब्द तोंडात घोळवून बघितला आणि तिला तो काही गोड लागला नाही. "शेळी घेतली तर ती गुंतवणूक. तिला करडं होत्यात. तुझ्या कोटाला काय होणार हाय?"

रामप्रसाद भाकरी खात होता. हा माणूस बायकोच्या तोंडापुढं सहसा बोलत नसे, आणि बोललाच तर एका शब्दात आटपून घेई.

"घेऊ," तो म्हणाला.

"काय घेऊ?"

"कोट. आत्ताच कारखान्यावरून आलोत, हातात चार पैसे हायेत. पोरानं आजवर काय मागितलं न्हाई." त्यानं घास खाली ठेवला. "कारखान्यावर मी बघतो ना. आमी ऊस घेऊन जातो तवा वजनकाट्यावरचा माणूस वर मान करून बघत न्हाई. अन् एखादा कोटवाला आला की खुर्ची सरकवतो. आतलं माणूस कुणी बघत न्हाई. घेऊ म्हणलं ना."

रामप्रसादनं एका दमात इतकं बोलावं म्हणजे त्याच्या मनात किती दिवसांपासून हे असेल याचा वत्सलाबाईला अंदाज आला. तिलाही पोराचं भलंच व्हायला हवं होतं. पण अर्धं वर्ष कोयता हाणून आणलेलं एका दिवसाच्या दिखाव्याला घालायचं, हे तिच्या जिवावर येत होतं. आणि तिच्या डोळ्यांसमोर एक कोट आयता टांगलेला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या वर्षाराणीचं लग्न झालं. बस्ता बांधायला गेवराईला गेले होते तेव्हा नवरदेवाचा कोट रामप्रसादनं स्वतः निवडला होता. गडद निळा, दोन बटणांचा, हात फिरवला तर गार लागणारा. जावयानं, म्हणजे अंगदनं, तो लग्नात अंगावर घातला आणि तेव्हापासून तो वर्षाच्या सासरी ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता.

"वर्षाच्या ट्रंकेत लोळतोय तो," ती म्हणाली. "दोन दिवस आणला तर काय बिघडतंय?"

रामप्रसादनं हात धुतला. जेवण अर्धंच झालं होतं. "त्याचं नाव काढू नको. मांडवात नवरदेवाच्या अंगावर घातलेला कपडा हाय तो. दिलेल्या मानाला परत हात लावायचा नसतो. उसना बी न्हाई."

"मान, मान! आपला मान कुणी ठिवला होता?"

हे मात्र ती खरं बोलली होती, आणि वर्षभर अधूनमधून बोलत आली होती. तिचे व्याही विठ्ठलराव म्हणजे ऊसतोडीचे मोठे मुकादम. त्यांच्या शब्दावर टोळ्याच्या टोळ्या कारखान्याला जात. लग्नाला पुढारी आले, एकेकाला फेटे बांधले, एकेकाचं भाषण झालं, वधूवरांना आशीर्वाद देता देता एकमेकांची उणीदुणीही काढून झाली. अक्षता पडायला उशीर झाला आणि मग भटजींनी पुढचं सगळं गुंडाळलं. त्यात कानपिळी राहिली. लग्न लागलं की नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळा म्हणून बजावायचं, आणि नवरदेवानं त्याला मानाचा कपडा द्यायचा, ही रीत. सत्यम बिचारा नवा शर्ट घालून मांडवात ताटकळत उभा राहिला आणि लोक पंगतीला निघून गेले. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. वत्सलाबाईच्या मात्र ते मनात रुतून बसलं होतं.

"ते येगळं, हे येगळं," रामप्रसाद म्हणाला. "शनिवारी गेवराईला जाऊन नवा घेऊ."

वत्सलाबाई गप्प बसली. ती गप्प बसली की घरातल्यांनी घाबरायला हवं होतं, पण पुरुषांना ते कळत नाही.

गुरुवारी एकादशी होती. "नारायणगडाला जाऊन येते," असं सांगून ती सकाळीच निघाली. गडाला ती खरोखर गेली, हात जोडले, आणि येताना वाटेवरच्या गावात लेकीच्या घरी उतरली. देवाचं नाव घेऊन खोटं बोलल्याची टोचणी होती, पण देवदर्शन झालेलं असल्यामुळे ती टोचणी अर्धीच होती.

तिच्या नशिबानं विहीणबाई मळ्यात गेलेल्या होत्या आणि विठ्ठलराव बाहेरगावी. वर्षानं आईपुढं साबुदाण्याची ताटली ठेवली. तुळजाबाई नावाची एक उतारवयाची बाई ओसरी झाडत होती. ती आत-बाहेर करत होती तोवर वत्सलाबाईनं पिकापाण्याच्या गप्पा मारल्या. ती गोठ्याकडं गेल्यावर विषय काढला.

वर्षाचा चेहरा उतरला. "माय, ह्यांना इचारून देते."

"इचारायचं कावून? अंगदराव न्हाई म्हणणार न्हाईत, पण इचारलं की बापाच्या कानावर जाईल, मंग गावभर होईल. सोमवारी मुलाखत, मंगळवारी मी स्वतः आणून ठिवते. ट्रंक काय रोज उघडतेत का?"

"न्हाई उघडत. पण..."

"तुझ्या भावाच्या जन्माचा सवाल हाय."

भावाचं नाव निघाल्यावर वर्षाचा नाइलाज झाला. तिनं ट्रंक उघडली. कोट पिशवीत घालताना तिनं दोनदा दाराबाहेर डोकावून बघितलं. ते वत्सलाबाईनं पाहिलं, आणि पाहूनही पिशवी उचलली.

घरी येऊन तिनं ठोकून दिलं, "अंगदरावांनी आपण होऊन दिला. म्हणले, सत्यमला घालू द्या." सत्यम खुलला. रामप्रसादनं कोटाकडं बघितलं, बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि बाहेर जाऊन बसला.

कोट मात्र सत्यमला होईना. अंगद खांद्यानं रुंद, हातानं लांब. सत्यम म्हणजे काडी. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती. शुक्रवारी संध्याकाळी वत्सलाबाई कोट घेऊन गावातल्या उत्तरेश्वर टेलरकडं गेली.

"जरा आत घे बाबा. पोराला ढिला होतोय."

उत्तरेश्वरनं कापड चिमटीत धरून बघितलं. "लई भारी कापड हाय, मावशी. कुणाचा म्हणायचा?"

तिला म्हणायचं होतं की दोनच कच्चे टाके घाल, मंगळवारी उसवून परत द्यायचाय. पण तसं सांगितलं की कुणाला परत द्यायचाय हेही सांगावं लागलं असतं. आणि उत्तरेश्वरच्या दुकानात सांगितलेली गोष्ट कपड्यांच्या आधी घरोघर पोचत असे.

"कुणाचा म्हंजे? माझ्या लेकाचाच हाय."

"मंग काळजीच सोडा. असं फिटिंग करून देतो की कंपनीवाले बघत राहतील."

शनिवारी सकाळी तिनं कोट आणला. सत्यमनं अंगात घातला आणि ती स्वतःच चकित झाली. खांदे बरोबर खांद्यावर, बाही मनगटाशी. आरशात एक साहेब उभा होता आणि त्याला तिच्या लेकाचं नाक होतं. तिला इतका आनंद झाला की तिनं जवळ जाऊन त्याची बाही कुरवाळली, आणि सहज म्हणून आत दुमडलेलं कापड चाचपून बघितलं.

आत काही नव्हतं.

ती तशीच अनवाणी उत्तरेश्वरच्या दुकानात गेली. "बाहीतलं जादा कापड कुठंय?"

"कापलं की. आत ठिवलं तर फुगतं, मावशी. बगलंतलं बी काढलं, खांद्यातलं बी."

"अन् परत मोठा करायचा म्हणलं तर?"

उत्तरेश्वर हसला. "आता कावून? पोरगं काय वाढणार हाय का?"

मशीनखाली चिंध्यांचा ढीग होता. त्यात निळे तुकडे तिला दिसले. ते उचलून घ्यावेत असंही तिच्या मनात येऊन गेलं, जसं काही ते घरी नेऊन चिकटवता येणार होते. पायाला चटके बसायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण चपला विसरलो.

घरी पोचली तर फोन वाजत होता. वर्षा होती. आवाज इतका दबका की पहिलं वाक्य कळलंच नाही.

"माय, कोट आत्ताच्या आत्ता पायजे. उद्या गेवराईत भावकीतलं लग्न हाय. पुढारी येणारेत, म्हणून मामा म्हणले ह्यांनी कोट घालून यायचं. आत्यांनी ट्रंक उघडली." सासऱ्यांना ती मामा म्हणे आणि सासूला आत्या.

"मंग? तू काय म्हणली?"

"काय न्हाई म्हणले. माझं तोंडच उघडना. माय, त्यांनी तुळजाबाईला धरलंय. आत झाडलोट करायला तीच येती ना. तिला अंगणात उभं केलंय. मामा म्हणतेत, कबूल हो, न्हाईतर पोलिसात देतो. ती निसती रडतीय." पलीकडं कुणाचा तरी चढा आवाज आला आणि फोन बंद झाला.

वत्सलाबाई फोन हातात धरून वळली. समोर सत्यम कोट घालून उभा होता. त्यानं बहिणीचा आवाज ऐकला नव्हता, पण आईचा चेहरा त्याला दिसत होता.

"माय, दाजींनी दिला म्हणली होतीस ना तू?"

तिनं मान हलवली. मग सगळं सांगितलं. एकादशीचं, ट्रंकेचं, उत्तरेश्वरच्या कात्रीचं. रामप्रसाद दारात येऊन उभा राहिला होता. त्यानंही ऐकलं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"गेवराईत तसाच दुसरा घेऊ," ती घाईघाईनं म्हणाली. "तेच दुकान, तेच कापड. संध्याकाळपर्यंत वर्षाकडं गुपचूप पोचता करू. ती ठिवील कुठंतरी कपड्यांत, सापडला म्हणील..."

"अन् तवर ती बाई?" सत्यम म्हणाला.

गुरुवारी ओसरी झाडता झाडता तुळजाबाईनं वत्सलाबाईला पाणी आणून दिलं होतं. एकादशी म्हणून तांब्या पुन्हा विसळून दिला होता.

सत्यमनं कोट उतरवला, घडी घातली, पिशवीत ठेवला. "मला न्हाई पायजे. मी शर्टावर जाईन. घेतलं तर घेतलं, न्हाईतर न्हाई. चल, गाडी काढतो."

"तुमी बी चला," ती नवऱ्याला म्हणाली.

रामप्रसादनं मान हलवली. "मी आलो की त्याचं भांडण होईल. दोन बाप समोरासमोर आले की कुणीच मागं सरकत न्हाई. तू गेली तर ती चूक राहील. चूक माफ व्हती." मग जरा थांबून म्हणाला, "पोरीला सांभाळ."

मोटारसायकल गावाबाहेर पडली. ऊन नुसतं ओतत होतं. दोघांच्या मधे पिशवी होती आणि वत्सलाबाईनं ती पोटाशी धरली होती. वाटेत ती काय बोलायचं ते जुळवत होती, मोडत होती. पोरीचा दोष नाही, हे आधी सांगायचं. मी दम दिला, असं म्हणायचं. पाय धरायला लागले तर धरायचे. कापल्याचं कसं सांगायचं, तिथं येऊन मात्र दर वेळी सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागे.

विठ्ठलरावांच्या अंगणात कडुनिंबाखाली खुर्ची होती आणि खुर्चीत विठ्ठलराव होते. समोर तुळजाबाई, डोक्यावरचा पदर घसरलेला, रडून तोंड सुजलेलं. विहीणबाई ओसरीच्या पायरीवर. अंगद ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बघत उभा. आणि दाराच्या आड, अर्धी दिसेल अशी, वर्षा. सकाळपासून ती तिथंच उभी असावी असं वाटत होतं.

"या, या, विहीणबाई," विठ्ठलराव म्हणाले. आवाजात पाहुणचार होता, डोळ्यांत नव्हता. "बऱ्या येळंला आलात. आमच्या घरात चोरी झालीय."

वत्सलाबाई त्यांच्याकडं गेलीच नाही. ती सरळ तुळजाबाईपाशी गेली. "बाई, तुमचा कायबी दोष न्हाई," ती म्हणाली. आणि मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "कोट मी नेला. गुरुवारी आलते तवा. वर्षा देत नव्हती, मी दम देऊन घेतला. लेकाच्या मुलाखतीसाठी दोन दिवस नेला. माझी चूक झाली, इवाई."

तुळजाबाई जमिनीवर बसली आणि आता मोठ्यानं रडायला लागली. वत्सलाबाईला वाटलं, अवघड ते झालं. पण अवघड ते अजून पिशवीत होतं.

विहीणबाई उठल्या. पिशवीतून कोट काढला, झटकला, आणि बघायला म्हणून अंगदच्या खांद्याला लावला. बाही मनगटाच्या कितीतरी वर राहिली. त्यांनी बाही उलटी केली. कॉलर बघितली, कॉलरच्या आत लग्नातल्या अक्षतांच्या हळदीचा डाग तसाच होता. मग खांद्याची नवी शिवण बघितली.

"कापलाय," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "अहो, कापलाय ह्यांनी. हळदीचा कपडा. नवरदेवाच्या अंगावरचा. वरीस बी झालं न्हाई अजून."

हळदीच्या कपड्याला कात्री लागली म्हणजे नवरदेवाच्या जिवाला अपशकुन, हे तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गेले तीन दिवस वत्सलाबाईनं कोटाचा विचार केला होता. तो कोट कुणाच्या अंगावरचा आहे याचा एकदाही केला नव्हता.

"टेलरला म्हणलं होतं नुसतं आत घे..." ती बोलायला लागली.

"बास." विठ्ठलराव खुर्चीतून उठले. "दिलेलं चोरून न्यायचं, अन् वरून कापायचं. माझं पोरगं जितं हाय अजून. तुमच्या लेकाला साहेब करायला माझ्या लेकाच्या अंगावरचं कापलं तुमी?" त्यांनी दाराकडं बघितलं. "अन् घरातलीच फितूर असल्यावर बाहेरच्यांला काय बोलायचं. गरीब माणसाला सकाळपासून उन्हात उभं केलं, अन् ही दारात उभी राहून बघती. विहीणबाई, पोरीला घेऊन जा. मी बोलवीन तवा येईल."

"इवाई, पाया पडते..."

"कपडे भर गं," विठ्ठलराव दाराकडं बघून म्हणाले.

बोलवीन तवा. वत्सलाबाईला गावातल्या अशा दोघी माहीत होत्या. बोलावणं येईल येईल म्हणता त्यांचे केस पांढरे झाले होते. वर्षानं फक्त नवऱ्याकडं बघितलं, एकदाच, आणि आत वळली.

"आबा," अंगद म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं, कारण त्याचा आवाज त्या अंगणात फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

"कोट मीच दिला."

"तू गप बस बे."

"मीच दिला, आबा. कानपिळीचा मान राहिला होता सत्यमचा. मांडवात तुमचे पाहुणे बोलत बसले अन् ते राहून गेलं. मी वर्षाला म्हणलं, कोट त्याला देऊन टाक. मान दिला म्हंजे त्याचा झाला. कापू द्या न्हाईतर फाडू द्या. माझ्या अंगावरचं मी दिलंय, त्याला कात्री लागली तर कसला अपशकुन?"

विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, मंग सकाळपासून तोंडात काय धरलं होतं? ही बाई रडून रडून..."

अंगदनं मान खाली घातली. "तुमच्याफुडं बोलायची सवय न्हाई," तो म्हणाला. एवढं बोलताना मात्र तो खोटं बोलत नव्हता, हे कुणालाही दिसलं असतं. बाकीचं खोटं होतं. विठ्ठलरावांना ते ठाऊक होतं, वत्सलाबाईला ठाऊक होतं, दारात थबकलेल्या वर्षाला तर होतंच. पण मांडवात कानपिळी राहिली होती आणि ती पुढाऱ्यांच्या भाषणांमुळं राहिली होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

विठ्ठलराव लेकाकडं बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी माणसं जोखली होती. कोण टोळीतून पळेल, कोण टिकेल, हे ते चेहऱ्यावरून सांगत. त्या चेहऱ्यावर त्यांना आज काहीतरी नवं दिसत असावं.

"कान पिळलाच न्हाई," ते अखेर म्हणाले, "अन् मान कशाचा दिला?"

"पिळायचा राहिलाय. आता पिळील सत्यम."

अंगद चालत सत्यमपुढं आला आणि मान वाकडी करून उभा राहिला. सत्यमला काय करावं कळेना. मांडवात हे सगळं हसण्याखिदळण्यात होतं, पोरी चिडवतात, कुणीतरी 'जोरात, जोरात' म्हणून ओरडतं. इथं कुणी हसत नव्हतं. त्यानं आईकडं बघितलं. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

सत्यमनं हात वर केला. अंगदचा कान धरला.

"माझ्या बहिणीला नीट सांभाळा, दाजी," तो म्हणाला.

रीत तिथं संपते. कान सोडायचा, कपडा घ्यायचा. सत्यमनं सोडला नाही. त्यानं कान पिळला, आणि पिळून धरून ठेवला. अंगदचं तोंड वाकडं झालं, पण त्यानं हात वर केला नाही.

"कुणी काय बी म्हणलं तरी," सत्यम म्हणाला. "ती हितंच राहील."

"राहील."

"मोठ्यानं म्हणा."

"राहील!" अंगद ओरडला. ओरडताना त्यानं बापाकडं बघितलं.

तरी सत्यमची बोटं सुटेनात. कान लालबुंद झाला. विठ्ठलराव काही बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात दारातून वर्षा धावत आली आणि तिनं भावाच्या मनगटावर फटका मारला.

"सोड की रे मेल्या! लागतंय त्यांला!"

खाली बसलेल्या तुळजाबाईला रडता रडता हसू फुटलं. ते आवरायला तिनं पदर तोंडात घातला, पण उशीर झाला होता. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. विठ्ठलराव खाकरले, खुर्चीवरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि कुणाकडंही न बघता गोठ्याकडं चालू लागले. चार पावलांवर थांबून म्हणाले, "पाहुण्यांला चहा ठिवा. अन् तुळजाबाईला जेवल्याबिगर जाऊ देऊ नका." माफी अशी त्यांच्या तोंडून कधी निघाली नव्हती. तुळजाबाईला जे मिळालं ते एवढंच, आणि वत्सलाबाईला ते कमी वाटलं. पण बोलायला तिला तोंड उरलं नव्हतं.

निघताना अंगदनं पिशवी स्वतः सत्यमच्या हातात दिली. कान अजून लाल होता. सत्यम गाडी वळवायला गेला, तेव्हा तो सासूला हळूच म्हणाला, "मामी, मागितला असता तर दिला असता."

वत्सलाबाईनं मान डोलावली. त्याच्या रागावण्यापेक्षा हे वाक्य तिला जास्त लागलं, आणि ते पुढं कितीतरी दिवस लागत राहिलं.

दिवस कलता कलता दोघं तलवाड्याला पोचले. रामप्रसाद दारातच बसलेला होता. चुलीजवळ दुपारची भाकरी झाकलेली होती, तशीच. त्यानं पिशवीकडं बघितलं नाही.

"पोरगी?"

"हाय तिथंच," वत्सलाबाई म्हणाली. "लई चांगली हाय तिथं."

रामप्रसाद उठला, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि गटागटा प्याला. सत्यमनं पिशवीतून कोट काढून खुंटीला लावला. त्याचा होता आता तो, कुणाच्या बापाला परत द्यायचा नव्हता. कॉलरच्या आतला हळदीचा डाग वत्सलाबाईच्या नजरेला पडला. ओल्या फडक्यानं तो निघाला असता, पण तिनं हात लावला नाही.

ती चुलीपाशी जाऊन बसली. बराच वेळ लाकडं मागंपुढं करत राहिली.

"सकाळी गेवराईला चला," ती अखेर म्हणाली. "दुकान उघडायच्या आधी पोचाया पायजे."

"कशाला?"

"जावयाला कोट घ्यायचाय. उद्या लग्न हाय त्यांच्यात. तुमी निवडलेला होता तसाच घेऊ, चांगल्या कापडाचा."

सत्यम पाठ वळवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते, हसतोय का रडतोय ते कळत नव्हतं. तीन दिवसांपूर्वी ह्याच घरात कोट घ्यायचा की नाही यावरून जेवण अर्धं राहिलं होतं. रामप्रसाद त्यावर बरंच काही बोलू शकला असता आणि त्याला तो हक्कही होता.

"घेऊ," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.